शेलचा भराव

रस्त्याच्या सामानाची तपासणी करणारी आमची प्रयोगशाळा सरकारी होती आणि तशीच दिसायची. लांब खोली, उंच छत, भिंतींना छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट आणि सगळ्या वस्तूंवर सिमेंटची पातळ साय. ती साय माझी. मी सिमेंटच्या टेबलावर होतो, ठोकळे बनवायचे आणि फोडायचे हे माझं काम. समोर खिडकीजवळचं टेबल ताईंचं.

ताई माझ्याहून थोड्याच मोठ्या. पण त्यांचा धाकटा भाऊ कॉलेजातून घरी जाताना आमच्याकडे डोकवायचा आणि दारातूनच ‘ताई’ म्हणून हाक मारायचा. त्याचं ऐकून आधी शिपायाने ती हाक उचलली, मग आम्ही, आणि शेवटी प्रयोगशाळेचे साहेबसुद्धा. ठेकेदारांनी मात्र त्यांना वेगळं नाव ठेवलं होतं. पाणीवाल्या बाई.

त्याला कारण होतं शेल. शेल म्हणजे एके काळचा चिखल. पाण्याच्या तळाशी थरावर थर साचून, वरच्या ओझ्याने दाबला जाऊन दगड झालेला. डोंगर फोडून काढला की करडा, कोरा, ठणठणीत दिसतो. हातोडीला आवाजही चांगला देतो. पण हाच दगड एकदा उन्हात वाळला आणि मग त्याला पाणी लागलं, की काही शेल तसाच राहतो आणि काही शेलचा बघता बघता पुन्हा चिखल होतो. वरून बघून दोन्हींतला फरक कळत नाही, भल्याभल्यांना कळत नाही. तो कळतो फक्त पाण्यात.

म्हणून ताईंच्या टेबलाशेजारी पत्र्याचा एक उथळ हौद होता आणि त्यात जाळीचं आडवं पिंप, अर्धं पाण्यात बुडालेलं. भट्टीत वाळवलेले शेलचे तुकडे त्या पिंपात घालायचे, मोटर लावायची, पिंप हळूहळू फिरायचं. पाणी गढूळ व्हायचं. मग उरलेले तुकडे काढून पुन्हा वाळवायचे, वजन करायचं, पुन्हा फिरवायचे. जाळीतून जे गळून गेलं ते गेलं. जाळीत जे उरलं तेवढाच दगड. ठेकेदार लोक डोंगराच्या पोटातून आत्ता काढलेला ओलसर धोंडा बादलीत बुडवून आणायचे आणि सांगायचे की कालपासून पाण्यात आहे बाई, जरा हललेला नाही. ताई बादलीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. म्हणायच्या, “ओला आणलात. आधी वाळवा, मग भिजवा, मग माझ्याशी बोला.”

भूशास्त्र शिकताना त्यांना पुढे संशोधन करायचं होतं. पण वडील अचानक गेले, आई शिवणकाम करून किती करणार, आणि भाऊ तेव्हा लहान. ताईंनी ही नोकरी धरली ती धरलीच. लग्नाचा विषय घरात दोन-तीनदा निघाला आणि दर वेळी आईनेच तो मागे टाकला. आधी ह्याचं शिक्षण होऊ दे, मग बघू. ह्याचं शिक्षण झालं तोवर बघायचं राहून गेलं. ताई हे सांगायच्या तेव्हा हसून सांगायच्या. मला ते हसू कधी पटलं नाही.

भाऊ गोड होता, हे मात्र खरं. हजरजबाबी, कुणालाही आपलंसं करणारा. अभ्यासात बेताचाच, पण रस्तेबांधणीची पदविका कशीबशी पदरात पडली, आणि ताईंनी त्याच्यासाठी आयुष्यात एकदाच कुणाकडे शब्द टाकला. आमच्या साहेबांनी तो पुढे पोचवला. डोंगरातून नवा रस्ता काढणाऱ्या कंपनीत भाऊ देखरेखीच्या कामावर लागला. त्याचं लग्नही त्याच वर्षी झालं. दोन खोल्यांच्या घरात आता चौघं झाली. ताई स्वयंपाकघरात झोपायला लागल्या आणि म्हणायला लागल्या की तिथे वारा छान येतो.

त्या रस्त्याची गोष्ट अशी की एकीकडे डोंगर कापायचा होता आणि पलीकडे दरीवर पूल होता. पुलाला जाऊन मिळायला उंच भराव हवा. कापलेल्या डोंगरातून निघत होता तो सगळा शेल. तोच उचलून भरावात टाकला तर दोन्ही कामं झाली. नमुने आमच्याकडे आले. ताईंनी ते वाळवले, फिरवले, पुन्हा वाळवले. दुसऱ्या फेरीनंतर पिंपात जे उरलं ते बघून त्यांनी मला बोलावलं. निम्म्याहून जास्त दगड हौदाच्या तळाशी चिखल होऊन बसला होता.

वापरू नका असं त्यांनी म्हटलं नाही. हे नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे सगळं ह्याच्यावरच आलं. त्यांनी सांगितलं की हा शेल दगड म्हणून भरू नका, माती समजून भरा. वीतभर उंचीचे थर घाला, पाणी मारा, दातेरी रोलरने धोंडे चुरडून टाका, मग दाबा, मग वरचा थर. मोठे धोंडे तसेच कंबरभर रचलेत तर त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतील. आज भराव खडकासारखा दिसेल. उद्या त्या पोकळ्यांत पाणी शिरेल, धोंडे विरघळून पोकळ्यांत उतरतील आणि वरचा रस्ता त्यांच्यामागोमाग खाली जाईल.

कंपनीचे मोठे साहेब हे ऐकायला स्वतः आले होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलावं असं तोंडावर काही नव्हतं. शांत आवाज, पांढरा शर्ट, कुणी चहा आणून दिला तर त्याचे आभार मानणारे. त्यांनी हौदातल्या चिखलात बोट बुडवून बघितलं, रुमालाला पुसलं आणि म्हणाले, बाई, तुमचं म्हणणं मान्य. तसंच होईल. जाताना त्यांनी ताईंच्या भावाचं कौतुक केलं. मुलगा हुशार आहे, पुढे जाईल.

सुरुवातीला तसंच झालं. ताई जेवताना विचारायच्या आणि भाऊ सांगायचा की वीतभरच थर घालतोय, रोलरवाला वैतागलाय. तो वैतागल्याच्या नकला करून दाखवायचा, आई हसायची. मग पूल उघडायची तारीख ठरली. कुणीतरी बडी असामी येणार होती. काम मागे होतं. भरावाचे थर हळूहळू जाड होत गेले, वीतभराचे हातभर झाले, हातभराचे कंबरभर. जेवताना ताई विचारायच्या आणि भाऊ तेच उत्तर द्यायचा. फक्त नकला बंद झाल्या होत्या. ते ताईंच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि त्यांनी दमला असेल म्हणून सोडून दिलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

भराव नीट दाबलाय का हे बघायला आमची माणसं जायची. वरच्या थरात लहान खड्डा करायचा, निघालेली माती तोलायची, खड्ड्यात वाळू भरून त्याचं माप घ्यायचं, त्यावरून दबाई कळते. वरचा थर दर वेळी चोख निघायचा, कारण वरचा थर चोखच केलेला असायचा. खोल खणून बघायचा हक्क ताईंना होता. दुसऱ्या कुठल्याही कामावर त्यांनी खणलं असतं. पण इथे घरातलाच माणूस रोज तिथे उभा होता. त्यांनी सही केली.

रस्ता उघडला, टाळ्या वाजल्या, भावाला बढती मिळाली.

काही वर्षं काही झालं नाही. मग पुलाच्या अगदी तोंडाशी रस्ता जरासा बसला. गाड्या तिथे हिसका खायच्या. डांबराचं ठिगळ लागलं. पुढच्या वर्षी ठिगळावर ठिगळ. भराव खाली जात होता आणि पूल जागच्या जागी होता, त्यामुळे दोघांच्या सांध्यावर पायरीच तयार झाली. एका पहाटे धुक्यात दुकानांना पाव पोचवणारा एक टेम्पोवाला वेगात आला, पुढचं चाक त्या पायरीवर आदळलं आणि टेम्पो कठडा तोडून खाली गेला. माणूस जागीच संपला. पाव दरीभर पसरले होते, असं बघून आलेले सांगत होते. का कुणास ठाऊक, सगळ्यांनी तेवढंच सांगितलं.

चौकशी बसली. भरावात वरून खालपर्यंत भोकं पाडून आतला माल नळ्यांमधून काढला आणि लाकडी खोक्यांत मांडून तपासणीला आमच्याकडे पाठवला. खोकी आली त्या दिवशी आमच्या साहेबांनी ताईंना आत बोलावलं. भाऊ त्या कामावर होता, तेव्हा हे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेला देऊन टाकू, कुणी काही म्हणणार नाही, असं ते म्हणाले. साहेबांनी त्यांना सरळ मोकळी वाट करून दिली होती. ताई नाही म्हणाल्या. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या की दुसरे लोक एवढंच लिहितील की शेलचा चिखल झाला. मग विचारणारा विचारेल, हा शेल वापरा असं म्हणालं कोण? तर मी.

म्हणजे सचोटी होती, नाही असं नाही, पण स्वतःची भीतीही होती. दोन्ही एकातएक मिसळलेलं होतं. मी त्यांना ओळखतो म्हणून सांगतो, ते वेगळं करणं त्यांनाही जमलं नसतं.

खोक्यांवरची झाकणं काढली तेव्हा मी शेजारी होतो. वीतभर थरांत चुरडून दाबलेला शेल एकजीव दिसायला हवा होता, घट्ट, एका रंगाचा. आत होता मऊ राखाडी चिखल, मग एक सलग दगड, मग पुन्हा चिखल, मग नळी रिकामी गेलेली जागा, मग पुन्हा दगड. ते दगड एवढे मोठे होते की नळीने त्यांना आरपार कापलं होतं. वीतभर थरात डोक्याएवढा धोंडा मावतच नाही. ताईंनी एका तुकड्यावरून हात फिरवला, चिखल पुसला, आणि स्टुलावर बसल्या. मग मला म्हणाल्या की पंखा बंद करा, नमुने वाळतील.

पुढचं त्यांनी मला सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षं. त्या संध्याकाळी त्यांनी भावाला गच्चीवर नेलं. त्याने काही लपवलं नाही. मोठ्या साहेबांनीच सांगितलं होतं, म्हणाला. चारचौघांत नाही, गाडीत शेजारी बसवून. तारीख गाठायची आहे, तू बघून घे, मी तुझ्यामागे आहे. ताई म्हणाल्या, हे जसंच्या तसं चौकशीत सांग. तो म्हणाला, सांगितलं तर मला पुन्हा कामावर कोण उभं करणार? आणि पुरावा काय, गाडीतलं बोलणं?

मग तो म्हणाला, “दगड कुजला, एवढंच लिही ताई. ते खोटं नाही ना?”

खोटं नव्हतंच. शेल कुजलाच होता. तेवढंच लिहिलं असतं तर सगळं खापर दगडावर फुटलं असतं आणि थोडं ताईंवर. भाऊ वाचला असता, मोठे साहेबही वाचले असते. ताईंनी त्याला सांगितलं की मी थरांचंही लिहिणार. तो बराच वेळ दोरीवरचे वाळलेले कपडे काढत राहिला. ते कपडे शेजाऱ्यांचे होते.

चौकशीच्या खोलीत लांब टेबलापलीकडे समितीचे तीन जण बसले होते. अलीकडे कंपनीची माणसं, आम्ही, आणि मागच्या खुर्चीवर टेम्पोवाल्याची बायको. ती कुठल्याशा कारखान्यात शिवणकामाला होती, रजा काढून आली होती. ताईंनी शांतपणे सांगितलं, पाण्यातली चाचणी काय असते, तेव्हा निकाल काय आला होता, आता नळ्यांत काय सापडलं. समितीतल्या एकाने झोप आवरली. बोलणं संपत आलं तेव्हा मागून ती बाई उठली. विचारू का, असं हात जोडून म्हणाली, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिने ताईंना विचारलं,

“म्हणजे दगड वाईट होता का?”

“दगड जसा होता तसा होता,” ताई म्हणाल्या. “तो कसा भरायचा ते सांगितलं होतं. भरणाऱ्यांनी तसा भरला नाही.”

भाऊ कंपनीच्या माणसांतच बसला होता. भरणाऱ्यांनी म्हणजे कोणी, असं समितीने विचारलं. तिथे रोज हजर कोण होतं? भाऊ. थर किती उंच घालायचा हे मजुरांना कोण सांगायचं? भाऊ. तुम्हाला कोणी वेगळा हुकूम दिला होता का? ताई त्याच्याकडे बघत होत्या. मी ताईंकडे बघत होतो. मोठे साहेब टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते.

“नाही,” भाऊ म्हणाला. “माझी चूक झाली.”

मोठ्या साहेबांनी सावकाश मान हलवली, बापाने हलवावी तशी. मुलगा चांगला आहे, त्यांनी समितीला सांगितलं, वयाच्या मानाने जबाबदारी जास्त झाली. मग ताईंनी तोंड उघडलं. हुकूम वरून आला होता, असं त्या म्हणाल्या. तुम्हाला कसं माहीत? भावाने सांगितलं. समितीने भावाला विचारलं. भाऊ म्हणाला की ताईचा गैरसमज झाला असेल, तिला माझी काळजी वाटते. खोलीत कोणीतरी हसलंसुद्धा, मायेने. तिथे ते प्रकरण संपलं.

भावाची नोकरी गेली. सरकारी कामांच्या यादीतून काही वर्षं त्याचं नाव काढलं. कंपनीला समज दिली गेली आणि भराव काढून पुन्हा घालायचं काम त्याच कंपनीला मिळालं, कारण यंत्रं त्यांचीच तिथे उभी होती. एवढा खटाटोप करून ताईंच्या खरेपणाच्या हाताला लागला तो त्यांचा स्वतःचा भाऊ.

जिन्यात तो त्यांना म्हणाला, “तू तुझं नाव वाचवलंस.”

मला ताई नंतर म्हणाल्या की उत्तर होतं माझ्याकडे, पण ते पूर्ण खरं नव्हतं.

महिन्याभरात तो बायकोला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. आईने तिची शिलाईची मशीन बांधायला घेतली तेव्हा ताईंना कळलं की आईही चालली आहे. त्यांनी विचारलं, आई, तूसुद्धा? आईने मशीनच्या पट्ट्याची गाठ आवळली.

“त्याला माझी गरज आहे,” ती म्हणाली. “तुला कुणाची आहे?”

त्या वाक्यात राग नव्हता, ताई सांगायच्या. राग असता तर बरं झालं असतं. आई हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलली होती. तिच्या लेखी मुलगी म्हणजे घरातला खांब होता, त्याला कुणी कधी विचारत नाही की दुखतंय का.

टेम्पोवाल्याची बायको एकदा प्रयोगशाळेत आली. मला वाटलं आभार मानायला आली असेल. ती हौदाजवळ उभी राहिली, फिरणारं पिंप बघितलं. मग म्हणाली की तो मुलगा तुमचा भाऊ होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षा झाली ती त्याच्या एकट्याला. मग त्याने माझं काय भागलं? ताईंनी तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही. पुन्हा कधी आलीही नाही.

मोठ्या साहेबांनी भावाला दिलेला शब्द पाळला, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. दुसऱ्यांच्या नावावरची लहानसहान कामं त्याला मिळत गेली. गटारं, कुंपणाच्या भिंती, मग गल्लीबोळांतले रस्ते. तो जाड झाला, त्याने गाडी घेतली. ताई आईला भेटायला जायच्या त्या तो घरी नसेल अशा वेळी. वेळ भावजय फोनवर हळूच सांगायची. आई चहा करायची, भावाच्या मुलीचे फोटो दाखवायची, आणि ताई निघाल्या की दारापर्यंत यायची नाही, गुडघे दुखतात म्हणून. शेवटी आई गेली तेव्हाही फोन भावजयीचाच आला. ताई पोचल्या तर घर माणसांनी भरलेलं. भावाने त्यांना पाणी आणून दिलं, ग्लास त्यांच्या हातात न देता शेजारी खिडकीत ठेवला, आणि पुढच्या माणसाकडे वळला.

प्रयोगशाळेत ताईंना मान होता, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर मी सोडून फारसं कुणी बसायचं नाही. सख्ख्या भावाला सोडलं नाही तिथे आपलं काय, असं लोक आडून बोलायचे. चुका लपवणाऱ्यांना त्यांची भीती वाटणं ठीक होतं. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं तेही अंग चोरायचे.

त्या निवृत्त झाल्या, नंतर मीही झालो. आमची घरं जवळ, त्यामुळे चहाला जाणं-येणं राहिलं. अशाच एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलेलो असताना दार वाजलं आणि भाऊ आत आला. केस पांढरे, हातात सिमेंटच्या रिकाम्या गोणीत बांधलेलं काहीतरी जड. मी उठायला लागलो, ताईंनी डोळ्यांनीच बसा म्हटलं.

त्याने गोणी जमिनीवर ठेवली. करडे, कोरे धोंडे. बंदी कधीच उठली होती, पण स्वतःच्या नावावर पहिलं सरकारी काम त्याला आत्ता मिळालं होतं, गावाबाहेरच्या वसाहतीकडे जाणारा भराव. जवळच्या टेकडीत हाच दगड होता. प्रयोगशाळेचा निकाल चांगला आलाय, तो म्हणाला, पण नमुने त्यांना कुणी वेचून दिले, कुठून दिले, मला माहीत आहे. म्हणून तुझ्याकडे आणला.

ताईंच्या घरी पिंप नव्हतं, तराजू नव्हता. त्यांनी एक तुकडा लोखंडी तव्यावर ठेवून मंद आचेवर चांगला वाळवला, पाटावर निवू दिला. तेवढ्या वेळात मी मुलीबद्दल काहीतरी विचारलं, भावाने काहीतरी सांगितलं. मग ताईंनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि तुकडा त्यात सोडला. बारीक बुडबुडे आले. कडा सुटल्या. पापुद्रे एकेक करून अलग झाले आणि ग्लासाच्या बुडाशी बसत गेले. चहा गार व्हायच्या आत दगडाचा गाळ झाला.

“दिसलं?” ताई म्हणाल्या.

“दिसलं. पातळ थर घालतो.”

“किती?”

“वीतभर.”

भावाने गोणी पुन्हा बांधली. जाताना त्याने उंबऱ्यात थांबून चपला नीट घातल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताई त्या कामावर जायला लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी बस धरायची, रस्त्याच्या कडेला छत्री उघडून उभं राहायचं. भावाने माणसाबरोबर खुर्ची पाठवली, त्या बसल्या नाहीत. त्या समोर असल्या की थर पातळ पडायचा, पाण्याचा टँकर यायचा, रोलर जास्तीच्या फेऱ्या मारायचा. त्या परतीच्या बसमध्ये चढल्यावर काय व्हायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मजुरांनी त्यांना लगेच नाव ठेवलं, साहेबांची सासू. मी एकदा सोबत गेलो होतो. उन्हात त्यांचा चेहरा रापला होता आणि डोळे त्या रोलरच्या दातांवरून हलत नव्हते.

त्या दिवशी भाऊ आमच्याकडे चालत आला. अंगावर धूळ होती. तो माझ्याकडे न बघता ताईंशी बोलला.

“तुझा माझ्यावर विश्वास बसणार नाही ना कधी?”

ताईंनी विचार केला. मला अजून आठवतं, त्यांनी खरोखरच विचार केला, घाई केली नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“मग उद्यापासून येऊ नकोस. लोक हसतात.”

ताई दुसऱ्या दिवशी गेल्या नाहीत, नंतरही नाही. काम पुरं झालं, रस्ता सुरू झाला, छान दिसतो. दुतर्फा झाडं लावली आहेत. भराव बसलेला नाही. पण त्याला अजून फार काळ लोटलेला नाही आणि शेलला घाई नसते. भाऊ ताईंकडे आला नाही, त्यांनी बोलावलं नाही.

वसाहतीत त्यांची एक मैत्रीण राहते, तिच्याकडे त्या महिन्यातून एकदा जातात. नव्या रस्त्याने गेलं तर पटकन पोचता येतं. त्या मात्र जुन्या रस्त्याची बस धरतात, खड्ड्याखड्ड्यांतून, दुप्पट वेळ घालवून. मी एकदा विचारलं, ही कसली हौस? त्या म्हणाल्या की ह्या बसला खिडकीच्या बाजूला सावली असते.